मागे राहिलेले नामदेवराय

॥ जय जय रामकृष्णहरि ॥

कार्तिक वद्य त्रयोदशीस जो आळंदीत उभा राहिला असेल, त्याला पुढचे सांगायला नको. एकादशीचा जागर झालेला असतो, द्वादशीचे पारणे झालेले असते, इंद्रायणीचा घाट माणसांनी भरलेला असतो. त्रयोदशीस वीणामंडपात नामदेवरायांच्या वंशजांचे कीर्तन उभे राहते आणि समाधीचे अभंग सुरू होतात. एरवी टाळ घेऊन नाचणारे वारकरी त्या वेळी खाली मान घालून उभे असतात. दुपारी बाराच्या सुमारास घंटा वाजते, समाधीवर फुले पडतात, आणि कुणी म्हातारा शेतकरी फेट्याच्या शेवाने डोळे पुसू लागतो. शेजारच्या बाईला तर हुंदका आवरत नाही.

आता विचार करा. माउलींनी समाधी घेतली शके १२१८ मध्ये, म्हणजे सन १२९६ साली. त्याला सातशेहून अधिक वर्षे झाली. आपल्यापैकी कुणी त्यांना पाहिले नाही. मग डोळ्यांना पाणी येते ते कशाचे? अंतरात जरा डोकावून पाहिले तर कळते, की त्या पाण्यात माउलींचा वियोग आहेच, पण त्याच्या आडून आपल्या घरातले गेलेले माणूसही आहे. कुणाचा बाप, कुणाची लेक, कुणाचा तरणाताठा मुलगा. घरी जे रडणे चारचौघांच्या लाजेने राहून गेले, ते आळंदीस येऊन मोकळे होते. ही सोय आपल्याला कुणी करून दिली? नामदेवरायांनी. ते त्या दिवशी तिथे होते, मागे राहिले होते, आणि जे पाहिले ते त्यांनी अभंगांत घालून ठेवले. म्हणून आज त्यांचे चरित्र या एका अंगाने पाहू.

कारण एक शंका पुष्कळ भाविक विचारतात. गळ्यात तुळशीची माळ घातली, हरिपाठ तोंडी आहे, आत्मा मरत नाही हे शंभर कीर्तनांत ऐकले, मग घरात मृत्यू झाला तर वारकऱ्याने रडावे काय? रडलो तर भक्ती कच्ची ठरते काय? या शंकेचे उत्तर शास्त्रार्थात शोधण्यापेक्षा नामदेवरायांच्या आयुष्यात शोधावे. तिथे ते अगदी उघडे आहे.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशीचा, सन १२७०. घराण्याचे मूळ गाव नरसी, आजच्या हिंगोली जिल्ह्यातले. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. पंढरपुरी घर आणि घरात विठोबाची परंपरेने चालत आलेली सेवा. नैवेद्याची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक आहे. वडील घरी नव्हते, आईने पोराच्या हाती ताट देऊन देवळात धाडले. देव जेवत नाही हे त्या पोराला कुणी शिकवलेच नव्हते. तो हट्ट धरून बसला आणि देवाला जेवावे लागले. ही गोष्ट सांगून आपण हसतो आणि पुढे जातो. पण तिच्यात नामदेवरायांचा सगळा स्वभाव आला आहे. देव त्यांच्या लेखी ग्रंथातले तत्त्व नव्हता, घरातले माणूस होता. ज्याला देवावरसुद्धा असे माणसासारखे प्रेम करता येते, त्याला माणूस गेल्याचे दुःख किती होईल, याचा अंदाज तिथेच बांधावा.

पुढे लग्न झाले. राजाई घरात आली. नारा, महादा, गोंदा, विठा असे चार मुलगे झाले, लिंबाई नावाची लेक झाली. जनाबाई त्याच घरात दळीत कांडीत होती. नामदेवराय राउळात बसून राहत, कात्री आणि गज घरी पडून राहत, धान्याचे डेरे रिकामे होत. मग गोणाई देवाशी भांडे, राजाई रखुमाईकडे गाऱ्हाणे नेई. हे सारे त्यांच्या गाथेत आहे. आपल्या घरची चूल पेटत नाही हे ज्याने लपवले नाही, तो पुढे आपले डोळे ओले झाले हेही लपवणार नव्हता. त्यांची वाणी खरी वाटते ती यामुळेच.

अशा नामदेवरायांची आणि ज्ञानोबारायांची गाठ पडली. दोघांत नामदेवराय पाच वर्षांनी वडील, पण माउलींचा अधिकार मोठा. माउली तीर्थयात्रेला निघाले आणि सोबत नामदेवरायांना मागू लागले. यांना पंढरी सोडवेना. शेवटी पांडुरंगानेच त्यांचा हात माउलींच्या हाती दिला, असे तीर्थावळीत वर्णन आहे. त्या यात्रेतली विहिरीची कथा प्रसिद्ध आहे. मारवाडच्या रुक्ष मुलखात दोघांना तहान लागली. विहीर होती, पण पाणी खोल तळाशी, पोहरा नाही, दोर नाही. माउली योगसिद्धीने सूक्ष्म रूप घेऊन खाली उतरले आणि पाणी पिऊन वर आले. नामदेवरायांना ती विद्या नव्हती. त्यांनी काठावर बसून विठोबाला हाक मारली. ती अशी मारली, की पाणी उसळून काठावरून वाहू लागले आणि वाटेवरचे सगळे जीव प्याले. माउलींनाच त्याचा सर्वांत अधिक आनंद झाला. ही विहीर ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी कथा कच्च्या मडक्याची. सगळे संत गोरोबाकाकांच्या घरी जमले होते. मुक्ताईने सुचवले आणि काकांनी हाती थापटणे घेतले. एकेकाच्या डोक्यावर थापटून मडके पक्के का कच्चे ते पाहू लागले. सगळे निमूट बसले. नामदेवरायांच्या डोक्यावर थापटी बसताच त्यांना रडू कोसळले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे. केवढा अपमान! ज्याच्या हातचा देव जेवला, तो कच्चा ठरला. नामदेवराय तडक विठोबापाशी गेले, आणि देवानेसुद्धा त्यांना गुरूकडेच पाठवले. औंढ्या नागनाथास विसोबा खेचर पिंडीवर पाय देऊन निजलेले. पाय उचलून बाजूला ठेवावेत तर जिकडे ठेवावेत तिकडे पिंडी. देव नाही असे ठिकाणच नाही, हे तिथे नामदेवरायांना कळले. मडके भाजून पक्के झाले.

इथवरची कथा कीर्तनात आपण नेहमी ऐकतो, आणि इथे थांबतो. मला मात्र पुढचे विचारायचे आहे. मडके पक्के झाल्यावर नामदेवराय पुन्हा कधी रडलेच नाहीत काय?

रडले. आळंदीस रडले. आणि तेव्हा त्यांना कच्चे म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही.

माउलींनी पांडुरंगाकडे समाधी मागितली तेव्हा त्यांचे वय एकवीस. नामदेवरायांचे सव्वीस. समाधीच्या प्रकरणात नामदेवरायांनी तो सोहळा कसा सांगितला आहे पाहा. त्यांनी काही घाईने उरकले नाही. पंढरीहून देव आणि संतमंडळी निघाली, इंद्रायणीकाठी आली, एकादशीला जागर झाला, द्वादशीला पारणे झाले, हे सगळे क्रमाने. सिद्धेश्वराजवळची जागा झाडायला कोण गेले? नामदेवरायांचेच चार मुलगे, नारा, महादा, गोंदा, विठा. खाली काय अंथरले? धूतवस्त्र, तुळस, बेल, दर्भ, फुले. पुढे काय ठेवले? ज्ञानेश्वरी. एका बाजूने हात कुणी धरला? निवृत्तिनाथांनी. दुसऱ्या बाजूने? पांडुरंगाने. बाहेर येऊन शिळा कुणी लावली? वडील भावाने, गुरूने, त्याच हातांनी. सोपानकाका आणि मुक्ताई यांची काय अवस्था झाली, तेही सांगितले आहे.

ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे, त्याच्याजवळ जाऊन बसा. तो तुम्हाला हेच सांगतो. रात्री किती वाजता श्वास लागला, पाणी कुणी पाजले, उशाशी कोण बसले होते, शेवटचे काय बोलले. तेच तेच पुन्हा सांगतो. ऐकणारा कंटाळतो, पण सांगणाऱ्याला त्याशिवाय गत नसते. मन त्या एका दिवसाभोवती फिरत राहते आणि त्याचा क्रम लावू पाहते. नामदेवरायांनी तो क्रम लावून दिला. तिथी, जागा, माणसे, वस्तू, सारे जिथल्या तिथे ठेवले. दुःखाला असे ठाव-ठिकाण मिळाले म्हणजे ते सगळ्या घरभर सैरावैरा धावत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. त्या प्रकरणात निवृत्तिनाथांचा धीर सुटतो. निवृत्तिनाथ कोण? ज्यांनी ज्ञानोबारायांना ज्ञान दिले ते. आदिनाथांपासून गहिनीनाथांपर्यंत आलेली परंपरा ज्यांच्या ठायी उतरली ते. जन्ममरण मिथ्या आहे हे त्यांना नव्याने कुणी सांगावे असे नव्हते. तरी धाकट्या भावाच्या समाधीवर शिळा लावताना त्यांचे अंतःकरण फुटले. नामदेवरायांनी हे झाकले नाही. गुरुपदाला कमीपणा येईल म्हणून तो भाग गाळला नाही. उलट त्या दुःखाला त्यांनी जी उपमाने दिली ती शेतकऱ्याच्या घरची आहेत. फुटलेले तळे, सुटलेली गवताची पेंढी. चार भावंडे एकत्र बांधलेली होती ती एकाच्या जाण्याने विखुरली, हे सांगायला त्यांना पोथी शोधावी लागली नाही.

याच ठिकाणी मला पाठशाळेत शिकलेले एक काव्य आठवते. भवभूतीच्या उत्तररामचरितात तिसऱ्या अंकात एक विचार आला आहे. तळे काठोकाठ भरून फुटायला आले म्हणजे पाण्याला वाट करून देणे हाच उपाय, तसेच शोकाने भरलेले हृदय विलापानेच टिकून राहते. भवभूती आठव्या शतकातला, नामदेवराय तेराव्या-चौदाव्या शतकातले. एक राजसभेचा पंडित, दुसरा शिंपी. दोघांनाही तळेच दिसले. आणि भवभूतीच्याही आधी आदिकवी वाल्मीकी. क्रौंचाची जोडी फुटलेली पाहून त्यांना जो शोक झाला त्याचाच श्लोक झाला, ही कथा संस्कृत शिकणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षीच सांगतात. म्हणजे काव्याचा उगमच मुळी मृत्यूपाशी आहे. फरक एवढाच, की संस्कृतातला विलाप जाणत्याच्या उपयोगी पडला, आणि नामदेवरायांचा विलाप अक्षरशत्रू माणसाच्याही तोंडी बसला.

आता ती विहीर आठवा. ज्ञानी पुरुष दुःखाच्या विहिरीत उतरून, शांत होऊन वर येऊ शकतो. त्याची ती शक्ती वंदनीय आहे. पण ज्यांना ती विद्या नाही, त्या तुम्हाआम्हा वाटसरूंचे काय? आपल्यासाठी कुणीतरी काठावर बसून हाक मारावी लागते, म्हणजे पाणी काठाशी येते. समाधीचे अभंग ही ती हाक आहे. गोरोबाकाकांच्या घरी नामदेवराय रडले ते स्वतःला लागले म्हणून. आळंदीस रडले, आणि त्या रडण्याचे पाणी सातशे वर्षे लोक पीत आहेत. कच्च्या आणि पक्क्या मडक्यात फरक हाच. पक्के मडके ओले होत नाही असे नव्हे, बरं का. पक्क्या मडक्यात पाणी राहते आणि ते दुसऱ्याची तहान भागवते. कच्चे मडके त्याच पाण्यात विरघळून जाते.

नामदेवरायांचे दुःख त्या एका त्रयोदशीला संपले असते तरी पुष्कळ होते. पण एक महिना गेला आणि मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस सासवडला कऱ्हेच्या काठी सोपानकाकांनी समाधी घेतली. वय एकोणीस. पुढे शके १२१९ मध्ये, म्हणजे सन १२९७ साली वैशाखात, तापीतीरी मेहूण येथे विजेच्या कडकडाटात मुक्ताई अंतर्धान पावली. वय अठरा. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ गेले. पुरते आठ महिने भरले नाहीत तोच चारी भावंडे दृष्टीआड झाली. अरणचे सावतोबा तर शके १२१७ मध्येच गेले होते. नामदेवरायांनी प्रत्येक समाधीचे वर्णन केले. सोपानकाकांचे, मुक्ताईचे, निवृत्तिनाथांचे. एकाचे डोळे पुसतात न पुसतात तोच दुसऱ्याचे लिहायचे. आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. माउलींच्या जन्मापासूनचे चरित्र त्यांनी आदि, तीर्थावळी आणि समाधी अशा तीन प्रकरणांत गाइले. विठ्ठलपंतांचा संन्यास, मुलांची झालेली हेळसांड, पैठणची वार्ता, हे आपल्याला आज माहीत आहे याचे मोठे श्रेय या मागे राहिलेल्या मित्राचे. गेलेल्यासाठी मागच्याने काय करावे? पिंड द्यावा, पाणी द्यावे, हे शास्त्राने सांगितले. त्याचे चरित्र सांगावे, हे नामदेवरायांनी करून दाखवले.

यानंतर ते किती जगले? त्रेपन्न वर्षे! हे आपण सहसा मनात आणीत नाही. सत्तावीस वर्षांच्या माणसाचे सोबती एका वर्षात गेले आणि पुढे जवळजवळ दुप्पट वर्षे त्याला काढायची होती. काळही साधा नव्हता. सन १२९६ सालीच अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर पहिली स्वारी झाली होती. सन १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. शके १२३९ मध्ये गोरोबाकाका गेले. या सगळ्यांत नामदेवरायांनी वीणा खाली ठेवली नाही. ते उत्तरेकडे गेले, पंजाबात राहिले. घुमान गावी त्यांचे स्थान आजही आहे. तिथल्या लोकांच्या भाषेत त्यांनी पदे केली, आणि त्यांतली एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. सन १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा ती त्यात घेतली. दुःखाने कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडून हे झाले नसते. शोक अभंगांत ओतून मोकळा झाला होता, म्हणून हातपाय चालते राहिले.

पुढे शके १२६० आले, सन १३३८. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले होते. वेठीला धरलेल्या माणसांत चोखोबाराय होते. कूस कोसळली आणि कित्येक माणसे तिच्याखाली गाडली गेली. नामदेवरायांचे वय तेव्हा अडुसष्ट. ते मंगळवेढ्यास गेले. मातीच्या ढिगाऱ्यात हाडे एकमेकांत मिसळलेली, कुणाचे कोणते ते कळायला मार्ग नाही. परंपरा सांगते, की नामदेवरायांनी एकेक हाड उचलून कानाशी लावले. ज्यातून विठ्ठल विठ्ठल असा ध्वनी आला ते चोखोबांचे, म्हणून वेगळे काढले. ती हाडे पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी केली. ज्याला जिवंतपणी राउळात पाऊल टाकू दिले नाही, त्याला मृत्यूनंतर तरी देवाच्या दारात जागा मिळाली. ती एका मित्राने मिळवून दिली.

माझ्या मते गाथा वाचणे म्हणजेही हाड कानाशी लावणेच आहे. माणूस गेला, देह गेला, आवाज गेला. मागे राहतात ते शब्द. ते भक्तीने कानाशी धरले तर त्यांतून तोच ध्वनी येतो.

शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी, सन १३५०. ऐंशी वर्षांच्या नामदेवरायांनी पंढरीच्या महाद्वारी देह ठेवला. कुटुंबातली मंडळीही त्यांच्याबरोबर गेली अशी परंपरा आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली. ज्याने इतक्यांना समाधीपर्यंत पोचवले, त्याने स्वतःसाठी शिखर मागितले नाही. आजही आपण नामदेव पायरीला हात लावून तो कपाळी नेतो आणि मगच आत जातो.

त्यांच्या वाणीचे काम मात्र तिथे संपले नाही. पावणेतीनशे वर्षांनी, शके १५५२ च्या दुष्काळात, म्हणजे सन १६३० च्या सुमारास, देहूच्या एका वाण्याच्या घरात असाच काळोख पसरला. आईबाप आधीच गेले होते, भावजय गेली, भाऊ घर सोडून गेला. दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून मेली, संतू नावाचा मुलगा गेला, दिवाळे निघाले. त्या तुकोबारायांनी काय केले? मोडके देऊळ नीट केले आणि आधीच्या संतांची वचने विश्वासाने पाठ केली. आधी पाठांतर, मग कविता. ती कविता करण्याची आज्ञाही त्यांना स्वप्नात झाली, आणि त्या स्वप्नात पांडुरंगाबरोबर नामदेवराय आले होते. दुसरे कुणी नाही, नामदेवराय! ज्याचे सगळे गेले होते, त्याला जागे करायला ज्याचे सगळे गेले होते तोच आला. एका दुःखिताचा शब्द दुसऱ्या दुःखिताला असा पोचतो आणि तिथून आपल्यापर्यंत येतो.

आता थोडे स्वतःचे सांगतो, तेही माझ्या हातून झालेली चूक म्हणून. पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो. एका खेड्यात एका शेतकऱ्याचा एकुलता मुलगा सर्पदंशाने गेला. दहाव्याला नदीकाठी प्रवचनास मला नेले. मी गीतेचा दुसरा अध्याय काढला आणि आत्म्याला शस्त्र तोडीत नाही, अग्नी जाळीत नाही, यावर तासभर बोललो. व्याकरण सोडवून दाखवले. बोललो ते खोटे नव्हते. पण त्या मुलाची आई समोर दगडासारखी बसली होती. दहा दिवसांत तिने टिपूस गाळले नव्हते आणि अन्नाला शिवली नव्हती. माझे संपले तेव्हाही ती तशीच. मग आमच्या दिंडीतल्या एका वयोवृद्ध विणेकऱ्याने, मला न विचारता, वीणा हाती घेऊन समाधीचा अभंग धरला. चार टाळकऱ्यांनी मागे साथ केली. भावंडांच्या विलापाचे चरण आले आणि ती बाई मोठ्याने रडली. बायकांनी तिला धरले. विणेकरी थांबला नाही, ध्रुपद घोळवीत राहिला. पुष्कळ वेळाने ती उठली, तोंड धुतले आणि घोटभर पेज प्याली. परत येताना म्हाताऱ्याने मला एवढेच समजावले, की ज्ञान औषध आहे खरे, पण घसा आवळला असेल तर आधी घसा मोकळा करावा लागतो. त्याला एकही श्लोक येत नव्हता.

तेव्हापासून मी पाहत आलो आहे की अभंग हे काम कसे करतो. दुःखात माणसाला शब्द सुचत नाहीत. अभंग तयार शब्द देतो. चाल ओळखीची असते, लहानपणापासून कानात बसलेली. म्हणताना एखाद्याचा गळा दाटला तर त्याचा चरण शेजारचा टाळकरी पुरा करतो, आणि तो पुढच्या ध्रुपदाला पुन्हा येऊन मिळतो. ध्रुपद परत परत येते, म्हणजे हरवलेल्याला परतायला ठिकाण असते. आणि पुष्कळ अभंगांच्या शेवटी देवाचे नाव असते, म्हणून रडणे कितीही लांब गेले तरी ते विठोबाच्या पायाशीच येऊन थांबते. एकट्याने खोलीत बसून हे होत नाही. म्हणून आपल्याकडे दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला भजन-कीर्तन लावण्याची रीत पडली आहे.

तेव्हा माझ्या कीर्तनकार बंधूंना हात जोडून विनंती आहे. अशा घरी गेल्यावर ब्रह्मज्ञानाची घाई करू नका. निवृत्तिनाथांना रडण्याची मुभा होती, ती त्या घरालाही असू द्या. आधी नामदेवरायांचे समाधीचे अभंग लावा, गेलेल्याचे नाव घ्या, त्याचे चार गुण सांगा, आणि मग गीता सांगा. मग ती आत जाईल.

आणि ज्यांच्या घरी या वर्षी कुणी गेले असेल त्या वारकरी मायबहिणींना सांगणे असे, की रडलात म्हणून तुमची माळ तुटत नाही. नामदेवरायांचे डोळे ओले झाले आणि त्यांची भक्ती उणी झाली नाही. फक्त एक करा. रडणे एकटे राहू देऊ नका, त्याला टाळाची सोबत द्या. घरात गाथा असेल तर संध्याकाळी दिवा लावून समाधीचे प्रकरण उघडा. वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या. त्यालाही कळू द्या की आपल्या माणसांना कसे आठवायचे असते. आणि जमेल तर पुढच्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला या. वीणामंडपात तुमच्या शेजारी जो उभा असेल, त्याचेही कुणीतरी गेलेले असेल.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!